आमिषाचे ऋण

चैत्र सरून वैशाख लागला की सातारा-सांगलीकडे कृष्णेचे पात्र आक्रसते आणि उरलेल्या डोहांच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. कराडच्या प्रीतिसंगमापासून खाली हरिपुरास वारणा कृष्णेला मिळते तिथपर्यंत कुठेही पाहा, अशा प्रत्येक माणसाच्या पायाशी एक डबा असतो आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळे. आम्हीही असा डबा घेऊन कित्येक संध्याकाळी काढल्या आहेत. आज त्या डब्याविषयीच लिहावयाचे योजिले आहे. विषय क्षुद्र वाटला, तरी वाचकांनी थोडा धीर धरावा.

एकदा आमच्या नातवाने तो डबा दुपारच्या उन्हात विसरला. पत्रा तापला आणि आतली सारी गांडुळे मेली. आम्ही रागावलो, तेव्हा पोर निरागसपणे म्हणाले, "आजोबा, तुम्ही त्यांना मारणारच होता ना?" आम्ही निरुत्तर झालो. आमचा राग गांडुळांसाठी होता, की बुडालेल्या संध्याकाळसाठी?

उन्हाळ्यात आमिष जगवणे हे एक जिकिरीचे काम आहे. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओल्या कातडीतून श्वास घेते. कातडी सुकली की ते गुदमरते आणि माती पाण्याने गच्च भरली तरीही गुदमरते. म्हणून माती ओलसर हवी, पण चिखल नको. पत्र्यापेक्षा मातीचे भांडे बरे. त्यावर ओले गोणपाट टाकावे, ते सावलीत ठेवावे आणि मेलेले गांडूळ ताबडतोब काढून टाकावे, नाहीतर त्याच्या कुजण्याने बाकीचीही जातात. मरळीसाठी बादलीत लहान मासे ठेवणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून बादलीत गर्दी करू नये, पाणी थोडे थोडे बदलावे आणि क्लोरीन घातलेले नळाचे पाणी थेट ओतू नये.

एवढी निगा आपण राखतो. पण तिला दया म्हणावे काय? जिवंत आमिष गळावर वळवळते म्हणून मासा येतो. तेव्हा ही निगा आपल्याच ताटासाठी असते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. मासेमारी मुळातच पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात प्रभू स्वतःच पेत्राला गळ टाकावयास सांगतात. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानेही अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग योग्य मानला आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असेही तो तेथेच सांगतो. येथे प्रतिष्ठा पणाला लागते ती आपली.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडते. एखादा जीव कामासाठी घेण्याची मुभा असली, तरी त्याला वाया घालविण्याची मुभा त्यातून मिळत नाही. जोवर तो आमच्या डब्यात आहे, तोवर त्याचे ऊन आणि त्याची तहान आमच्या हिशेबी आहे. आणि आपली निगा दया होती की निव्वळ स्वार्थ, हे कळते ते मासेमारी संपल्यावर. उरलेल्या गांडुळांचे आपण काय करतो? गळ गुंडाळून डबा काठावर उपडा करून जाणारे पुष्कळ आहेत. ज्या ओल्या मातीतून ती उकरली, तेथे ती परत नेऊन सोडणारे थोडे. बादलीतले मासेही जेथून आणले त्याच पाण्यात परत जावेत. दुसऱ्या डोहात सोडले, तर चिलापीसारखा परका मासा तेथे पसरून तिथल्या माशांच्या जिवावर उठतो. विचार न करता केलेली दयाही कधी घातक ठरते ती अशी.

हा न्याय डब्यापाशीच थांबत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. उन्हाळ्यात नदी आटते, पाणी तापते. त्यात वर्षानुवर्षे शेरीनाल्यासारख्या ओढ्यांतून सांडपाणी येत राहिले आहे आणि असली घाण कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही संपवते. बादलीचा नियम नदीलाही चुकत नाही. नदीकडून आपण पाणी घेतले, मासे घेतले, ऊस पिकविला. आणि तिचे ऊन, तिची घुसमट कोणाच्याच हिशेबी धरली नाही. पोराने एक डबा उन्हात विसरला म्हणून रागावणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी आपण काय विसरलो आहोत, हेही पाहावयास हवे.

आता आमचा नातू मातीचे मडके वापरतो. परतताना उरलेली गांडुळे परड्यातल्या केळीच्या बुंध्याशी सोडतो आणि वर ओंजळभर पाणी घालतो. त्याला आम्ही दुसरे उत्तर दिलेले नाही.