ढोलकीचे फाटलेले पान

नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.



एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला जे ॲथलोनच्या हॉलमध्ये होते, त्यांना आजचा विषय शीर्षकावरूनच कळला असेल. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. डब्लिन आणि गॉलवेहून मंडळी आली होती, त्रिसरण-पंचशील झाले, मुलांची भाषणे झाली आणि भीमगीतांना सुरुवात झाली. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध ढोलकीचे शाईकडचे पान फाटले. फाटल्याचा आवाज माईकमधून सगळ्यांनी ऐकला. ढोलकी माझ्या वडिलांची होती. वाजवणारा मुलगा इथल्या विद्यापीठात एम.एस.ला आलेला, तेवीस वर्षांचा. आणि मी, ज्याला आपण आज प्रवचन द्यायला बोलावले आहे, मंचावर गेलो आणि सगळ्यांदेखत त्याला बोललो. काय बोललो ते ऐकणाऱ्यांना आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो.

कार्यक्रम थांबला नाही. बायकांनी टाळ्यांवर ठेका धरला, एकीने स्टीलच्या डब्यावर, आणि उरलेली चार गाणी झाली. पण तो मुलगा मागच्या दाराने निघून गेला आणि त्यानंतर दोन रविवार वंदनेला आला नाही.

धम्मप्रवचनात वाद्यांचे काय काम, असे कोणी विचारेल. उपोसथाला आपण अष्टशील घेतो तेव्हा नाच, गाणे, वादन यांपासून दूर राहण्याचे शील घेतोच. पण बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि भगवंतांनी जेव्हा जेव्हा अवघड गोष्ट सांगायची होती तेव्हा वीणा आणि नगारा यांचे दाखले दिले आहेत. त्यांतले तीन दाखले मी गेला महिनाभर पुन्हा पुन्हा वाचले.

पहिला सगळ्यांच्या ओळखीचा आहे, सोण स्थविरांचा. चालून चालून त्यांच्या पायांतून रक्त आले, तरी मन मुक्त होईना. घरी परतावे असे वाटू लागले. भगवंतांनी विचारले, तू गृहस्थ असताना वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर वाजते का? फार सैल सोडल्या तर? एवढे आपण सगळे सांगतो आणि मध्यम मार्गावर येऊन थांबतो. माझ्यातला इंजिनिअर मात्र एका गोष्टीवर अडला. योग्य ताण हा एकदा लावून ठेवायचा आकडा नसतो. हवा बदलली की तो बदलतो. शॅननच्या काठी, लॉफ रीच्या पायथ्याशी आपले गाव. सकाळी हॉल थंड आणि दमट होता, कातडे सैल पडले होते, म्हणून त्या मुलाने बोल्ट आवळले. त्याचे काही चुकले नव्हते. दुपारी हीटर लागले, शंभरेक माणसांची ऊब आली, कातडे सुकून आणखी आवळले आणि फाटले. इथले बोधरान वाजवणारे लोक हे चांगले जाणतात. तेही बकऱ्याच्या कातड्याचे वाद्य. सैल पडले की शेकोटीजवळ धरतात, फार ताठरले की पाण्याचा हात फिरवतात. मी मात्र 'एवढे आवळायचे असते का' एवढेच बघितले. हीटर मीच लावायला सांगितले होते, हे मला रात्री घरी आल्यावर सुचले.

दुसरी गोष्ट गुत्तिल जातकाची आहे. वाराणसीचा गुत्तिल हा राजाच्या दरबारातला वीणावादक. त्याच्या अंध आईवडिलांची सेवा करून उज्जेनीचा मूसिल त्याचा शिष्य झाला आणि गुरूने हातचे काही न राखता सगळी विद्या दिली. मग शिष्याला वाटले, मला गुरूइतकाच पगार हवा. राजा अर्धा देत होता. तेव्हा मूसिलने सर्वांसमोर स्पर्धा मागितली, सातव्या दिवशी. गुत्तिल म्हातारा झाला होता. तो घाबरला आणि रानात पळाला. रानात मरणाची भीती वाटली की गावाकडे वळायचा, गावाजवळ आला की लाजेने पुन्हा रानात. सहा दिवस असा येऊन-जाऊन पायाखालचे गवत मेले आणि पायवाट पडली, असे जातककार लिहितो. ज्याने कधी माईकसमोर उभे राहण्याआधी पोटात गोळा आलेला अनुभवला आहे, त्याला ही पायवाट ओळखीची वाटेल.

पुढे शक्र येतो, अप्सरा नाचतात. तो भाग बुद्धिप्रामाण्याने बाजूला ठेवू. शक्राने दिलेला सल्ला मात्र ठेवण्यासारखा आहे. स्पर्धेत वाजवता वाजवता स्वतःच एक तार तोड. गुत्तिलने पहिली तार, जिला भ्रमरतार म्हणत, तोडली आणि वीणा वाजत राहिली. मूसिलनेही तोडली, त्याची वीणा मुकी झाली. मग दुसरी, तिसरी, अशा साती तारा गुत्तिलने तोडल्या आणि नुसत्या दांड्यावर वाजवले, तरी नाद नगरभर गेला म्हणतात.

अतिशयोक्ती सोडा, पण असे प्रसंग घडतात. जुलै १९८६ मध्ये अमेरिकेत टँगलवुडला मिदोरी नावाची चौदा वर्षांची जपानी मुलगी बॉस्टनच्या वाद्यवृंदाबरोबर व्हायोलिन वाजवत होती. संगीत लिओनार्ड बर्नस्टाईनचे, आणि संचालन करायला तोच उभा. शेवटच्या भागात तिची सर्वांत बारीक तार तुटली. ती न गडबडता वाद्यवृंदाच्या प्रमुख वादकाकडे वळली, त्याने स्वतःचे व्हायोलिन तिच्या हाती दिले. ते तिच्या व्हायोलिनपेक्षा मोठे होते. थोड्या वेळात त्याचीही तार तुटली. तेव्हा शेजारच्या वादकाचे व्हायोलिन तिच्याकडे आले आणि तिने रचना पूर्ण केली. दुसऱ्या एका प्रसिद्ध वादकाने तीनच तारांवर कार्यक्रम पूर्ण केल्याची गोष्ट आपल्या ग्रुपवर दरवर्षी फिरते. तिला आधार सापडत नाही, म्हणून ती मी सांगत नाही. ऐकीव म्हणून मानू नका, हे कालामांना सांगितलेलेच आहे.

मिदोरीचे धैर्य सगळ्यांनी वाखाणले, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले. मला मात्र त्या प्रमुख वादकाचा हात दिसतो. हजारो माणसांसमोर, वाजवणे चालू असताना, आपले जीव की प्राण असलेले वाद्य त्याने एका मुलीला दिले. वाद्यवृंदांची ती रीतच आहे, एकल वादकाची तार तुटली की शेजाऱ्याने आपले वाद्य पुढे करायचे. कल्याणमित्र म्हणजे काय यावर आपण पानेच्या पाने लिहितो. तो हात आठवा. आणि त्याच्यासमोर माझा हात ठेवा, मुलाकडे रोखलेला, बोट उगारलेला.

गुत्तिल जातकाचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. मूसिल हरला तेव्हा राजाने खूण केली, लोकांनी त्याला दगड-काठ्यांनी मारले आणि पाय धरून ओढत उकिरड्यावर टाकले. कथेच्या चौकटीत तो देवदत्त आहे, म्हणून ऐकणाऱ्याला हळहळ वाटत नाही. पण मी वाचताना दर वेळी इथे थांबतो. गुरूची वीणा वाजली हे खरे, पण ज्याला त्याने हातचे न राखता शिकवले तो शिष्य त्याच दिवशी गेला. गुत्तिलला त्या संध्याकाळी काय वाटले असेल, हे जातककाराने लिहिलेले नाही.

आता वडिलांची ढोलकी. परभणीकडे त्यांची गायन पार्टी होती, चौदा एप्रिल ते मे अखेरपर्यंत ते क्वचितच घरी असत. ते गेल्यावर ढोलकी मी मागून घेतली आणि विमानात हातात धरून आणली. ती 'जशीच्या तशी' आहे असे मी सगळ्यांना सांगायचो. ते खरे नाही. दोन्ही बाजूंची पाने वडिलांनी किती वेळा बदलली असतील याची गणती नाही. मूळची दोरी आणि कड्या जाऊन बोल्ट आले ते माझ्या डोळ्यांसमोर. खोडाला चीर गेली तेव्हा आतून पट्टी मारली. उरते काय, तर शिसवी खोड, तेही चिरलेले.

इथे तिसरा दाखला येतो. संयुत्त निकायात आणि सुत्त आहे. आणि म्हणजे खुंटी. दसारह लोकांचा आनक नावाचा एक नगारा होता. तो तडकला की ते तिथे एक खुंटी ठोकायचे. पुन्हा तडकला, पुन्हा खुंटी. असे होता होता मूळ लाकूड संपले आणि नुसता खुंट्यांचा सांगाडा राहिला. भगवंतांनी हे भिक्खूंना धोक्याची सूचना म्हणून सांगितले. पुढे लोक गंभीर सुत्ते ऐकणार नाहीत, सजवलेल्या शब्दांच्या मागे जातील. माझ्या धंद्यात याचा अर्थ लगेच कळतो. दुरुस्तीवर दुरुस्ती लावलेली जुनी प्रणाली, जिचा मूळ हेतू आता कोणालाच सांगता येत नाही, अशी प्रत्येक कंपनीत एक तरी असते. त्या दिवसानंतर एका सूज्ञ कार्यकर्त्याने सुचवले की पुढच्या वर्षी रेकॉर्ड केलेला ट्रॅकच लावू, फाटण्याची भीतीच नको. सूचना प्रामाणिक आहे. पण मला ती खुंटी वाटते. गाणारा आणि वाजवणारा गेला, ट्रॅक राहिला, तर जयंती करून आपण काय केले?

मात्र याच दाखल्याची उलटी बाजूही मी स्वतःला विचारली. भगवंत लाकडासाठी हळहळत नव्हते. जो आवाज लांबवर जायचा, तो गेला याचे त्यांना सांगायचे होते. वीणेच्या दुसऱ्या एका सुत्तात राजा वीणेचा नाद ऐकून म्हणतो, मला तो नाद आणून द्या. वीणा आणतात. तो म्हणतो, वीणा नको, नाद हवा. मग वीणेचे दहा, शंभर तुकडे करतो, जाळतो, राख वाऱ्यावर उडवतो. नाद काही सापडत नाही. मंत्र्यांनी त्याला आधीच सांगितले होते की भोपळा, कातडे, दांडा, तारा, नखी आणि माणसाची मेहनत, एवढे जमून आले की नाद होतो. मी त्या राजाचा भाऊ. वडील त्या खोडात आहेत असे धरून बसलो होतो. आणि त्यांच्या यादीतली शेवटची गोष्ट, माणसाची मेहनत, ती ज्या मुलाच्या हातात होती, त्यालाच घालवून दिले. बाकीचे सगळे सामान माझ्याकडे राहिले. उपादान हा शब्द मी पंधरा वर्षे प्रवचनांत वापरतो आहे.

शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावर कोसळले आणि गेले. एकोणऐंशी वर्षांचे होते. आपल्या ॲथलोनचा जॉन मॅकॉर्मॅक, १८८४ मध्ये इथे जन्मला, ज्याचा पुतळा तुम्ही येताजाता बघता, तो निरोपाचा कार्यक्रम करून निवृत्त झाला होता. युद्ध सुरू झाल्यावर रेडक्रॉसच्या मदतीसाठी पुन्हा गायला उभा राहिला आणि फुफ्फुसे साथ देईनाशी झाली तेव्हा थांबला. गळ्याला बदली पान मिळत नाही. हे दोघे ते जाणूनही गात राहिले. वडीलही शेवटच्या वर्षी दम लागत असताना वाजवायचे. मी ओरडलो की म्हणायचे, 'ढोलकीला काय विचारतोस, पोरं गातात की नाही ते बघ.' मी ते तेव्हा म्हातारपणाचा हट्ट म्हणून ऐकले.

तिसऱ्या रविवारी मी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. दार उघडल्यावर मला बघून तो आधी म्हणाला, 'काका, नवीन पानाचे पैसे मी देतो.' हे ऐकणे, मंचावर मी जे बोललो त्यापेक्षा कठीण होते. मी सोबत ढोलकी नेली होती. ती त्याच्या हातात दिली, क्षमा मागितली आणि हीटरचेही सांगितले. तो खूप वेळ काही बोलला नाही. मग त्याने फाटलेल्या पानाचा कडा बोटाने चाचपला, ढोलकी उलटी केली आणि धुमावर एक थाप मारली.

नवे पान जुलैमध्ये कोणीतरी गावाहून आणेल. तोवर ढोलकी त्याच्याकडेच आहे. रविवारी वंदनेनंतर तो एका बाजूनेच वाजवतो, आणि दुसऱ्या हाताने चटईवर.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.