किती जवळ जावे?

प्रवासाला निघताना काय बरोबर घ्यावे हा प्रश्न सोपा आहे; काय घरी ठेवावे हा अवघड. उन्हाळ्याची सुटी लागली की नेरूळ, वाशी, बेलापूरच्या वसाहतींतून कितीतरी कुटुंबे ताडोबाकडे निघतात. घरात छायाचित्रणाचा एखादा शौकीन असला की, आदल्या रात्री पलंगावर लेन्स मांडल्या जातात आणि चर्चा रंगते. रुंद दृश्य टिपणारी घ्यावी की लांब पल्ल्याची? दोन्ही घेतल्या तर मुलांचे कपडे कुठे ठेवावेत? ही चर्चा वरकरणी वजनाची आणि पैशांची दिसते. आम्हांला मात्र ती अधिक खोलवरची वाटते. कोणती लेन्स खांद्यावर घ्यायची हे ठरविताना, दुसऱ्या जिवाच्या किती जवळ जाण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेही आपण नकळत ठरवीत असतो.

प्रथम लेन्सविषयी थोडे समजून घेऊ. लेन्सची ओळख तिच्या नाभीय अंतरावरून होते. 35 मिलिमीटर फिल्मच्या मापाचा कॅमेरा धरला, तर 24 मिलिमीटरची लेन्स सुमारे 84 अंशांचा पट्टा सामावून घेते. तिच्यात तळे, काठची झाडे, आकाश आणि शेजारची गाडी, सारे येते. 50 मिलिमीटरची लेन्स सुमारे 47 अंश पाहते. 400 मिलिमीटरची केवळ 6 अंश आणि 600 मिलिमीटरची तर 4 अंशच. म्हणजे जी लेन्स दूरचे जवळ आणते, तीच आजूबाजूचे सारे कापून टाकते. सर्व काही देणारी लेन्स अद्याप कोणी घडविलेली नाही. प्रत्येक लेन्स हा एक स्वीकार असतो, आणि म्हणूनच एक त्यागही.

आता साधे गणित मांडू. उभा वाघ खांद्यापर्यंत सुमारे 1 मीटर उंच धरला आणि तो आपल्यापासून 50 मीटरवर असला, तर 400 मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा 8 मिलिमीटर उंच उमटते; चौकटीची एक तृतीयांश उंची ती व्यापते. तेवढीच प्रतिमा 50 मिलिमीटरच्या लेन्समधून हवी असेल, तर वाघापासून सुमारे 6 मीटरवर जावे लागेल. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांच्या वाहनाने वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर राखायचे असते. याचा अर्थ उघड आहे. आखूड लेन्स घेऊन गेलेल्या आणि तरीही वाघाचे भरघोस चित्र हवे असलेल्या माणसाने, नियम मोडण्याची इच्छा घरूनच बॅगेत भरून आणलेली असते.

ही इच्छा तो स्वतः पुरी करीत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. गाडी पर्यटक चालवीत नाही. ती चालवतो जंगलालगतच्या गावातील एखादा तरुण. शेजारी बसलेला मार्गदर्शकही तिथलाच. वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा त्यांना सफारीच्या महिन्यांत मिळवायचा असतो, कारण पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. ‘अजून थोडी पुढे घ्या ना, दादा’ हे वाक्य किती मृदू! पण त्यामागे बक्षिशीची आशा असते, आणि नाही म्हटल्यास पाहुणे नाराज होतील ही भीतीही. मोहाची ठिणगी नेरूळच्या घरात पडते. चटका मात्र मोहर्ली वा कोलाऱ्याच्या माणसाला बसतो.

हे केवळ कल्पनेतले नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात ‘एफ-2’ नावाने ओळखली जाणारी वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांमध्ये कोंडले गेले. पुढे वाहने, मागे वाहने. त्या दृश्याच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि चालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. परंतु त्या गाड्यांमध्ये बसून अधिक जवळचे चित्र मागणाऱ्यांच्या विवेकाला कोणता दंड करणार?

यावर कोणी म्हणेल की, मग लांब पल्ल्याची लेन्स घेतली म्हणजे प्रश्न मिटला. बव्हंशी खरे आहे. लांब लेन्सकडे आपण हव्यासाचे चिन्ह म्हणून पाहतो. वस्तुतः ती दूर राहण्याची मुभा देते. ज्याला दुरून पाहता येते, त्याला जवळ जाण्याची गरज उरत नाही. या अर्थी ती सभ्यतेचे साधन आहे.

पण तिचाही एक दोष आहे. 6 अंशांच्या त्या चौकटीत वाघीण गवतात एकटी, शांत, सार्वभौम दिसू शकते. चौकटीबाहेर दोन्ही अंगांना वाहने उभी असली तरी! चित्रातला एकही ठिपका खोटा नसतो, आणि तरीही ते चित्र खोटे बोलते. ते पाहून आणखी दहा जण तशाच एकांताच्या शोधात निघतात आणि त्या एकांताचा आणखी थोडा नाश करतात. उमरेडचा प्रकार लोकांना उमगला तो वाघिणीच्या मुखचित्राने नव्हे. तिच्याभोवतीच्या गाड्या ज्यांत दिसत होत्या, त्या दृश्यांनी.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. छायाचित्रे नसतील तर जंगलाविषयी कोणाला आस्था वाटणार? ज्याने वाघ पाहिला नाही, तो वाघासाठी का झगडेल? या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याचा पुरावा आपल्या दारातच आहे. सीवूड्सच्या डीपीएस तलावावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांवर 2024 मध्ये संकट आले. भरतीचे पाणी आत येण्याची वाट अडली, तलाव सुकू लागला आणि काही पक्षी दगावले. नागरिकांनी छायाचित्रे काढली, तक्रारी केल्या, पाठपुरावा केला; 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तेव्हा चित्र निरुपयोगी कसे म्हणावे? पण अशा वेळी कोणते चित्र बोलते, हेही पाहिले पाहिजे. गुलाबी पंखांचे जवळून घेतलेले चित्र सुंदर असते. परंतु सुकलेला चिखल, अडलेले पाणी आणि मागे उभ्या इमारती दाखवायला रुंद नजरच लागते. प्रेम जागे करायला एक लेन्स लागते, जबाबदारी जागी करायला दुसरी.

म्हणून व्यवहारात काय करावे? आमचे उत्तर साधे आहे. एक 100 ते 400 मिलिमीटरची झूम लेन्स घ्यावी, म्हणजे अंतर राखता येईल. आणि एक लहानशी, रुंद दृश्याची, म्हणजे जे आहे ते लपवता येणार नाही. बाकीच्या घरी ठेवाव्यात. उन्हाळ्यातील ताडोबाच्या रस्त्यांवर इतकी धूळ उडते की, उघड्या जिप्सीत वारंवार लेन्स बदलणे तसेही शहाणपणाचे नाही. ज्यांना लांब पल्ल्याची लेन्स परवडत नाही, आणि ती बहुतेकांना परवडत नाही, त्यांनी ती भाड्याने आणावी. तेही शक्य नसेल तर दुर्बीण घ्यावी आणि चित्राचा हट्ट सोडावा. त्यांचा प्रवास उणा ठरत नाही. मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी वनखात्याच्या नोकरीत जंगल पाहिले आणि ते मराठी वाचकांच्या घरी आणले, ते शब्दांनी. त्यांची पुस्तके वाचून ज्यांना रान कळले, त्यांनी छायाचित्र नाही म्हणून कधी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि एक वाक्य सफारीच्या आरंभीच, गाडी सुरू होण्यापूर्वी, चालकाला सांगून टाकावे: ‘दादा, वाघ दिसला नाही तरी चालेल, गाडी नियमातच ठेवा. तुमची बक्षिशी त्यावर अवलंबून नाही.’ या वाक्याला वजन नाही, त्याला बॅगेत जागा लागत नाही. पण ते उच्चारले की त्या माणसाच्या मानेवरचे ओझे उतरते आणि तो निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणू शकतो.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, ते आपल्या चित्रसंग्रहांसाठी नव्हे. तिथले प्राणी आपले यजमान आहेत, आपल्या करमणुकीचे चाकर नव्हेत. यजमानाच्या घरी गेल्यावर कोणत्या उंबरठ्यापर्यंत जावे, हे आपल्या आई-वडिलांनी आपल्याला लहानपणी शिकविले. जंगलाचा उंबरठा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. तो ओळखण्याची जबाबदारी मात्र पाहुण्याचीच राहते.