शोधाची मजुरी

समजा, दुधाचे कॅन बांधलेली एक मोटारसायकल पहाटे सुरू होईना, म्हणून मालकानें ती ढकलीत मिस्त्रीच्या दुकानीं आणली. मिस्त्रीनें हँडलच्या उजव्या बाजूचें तांबडें बटण पाहिलें. पोराच्या हातून तें बंद झालें होतें. त्यानें तें चालू केलें व पहिल्याच किकेला इंजिन बोलूं लागलें. आतां प्रश्न असा कीं, त्यानें पैसे घ्यावे काय? आणि घ्यावे तर खरें कारण सांगून घ्यावे, कीं गाडी तासभर ठेवून घेऊन मग "प्लग गेला होता" म्हणून सांगावें?

बारामतीहून सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी ह्या गांवांवरून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यानें पाहावें, तर दूध, बाजार, शाळा, शेत हीं सर्व दुचाकीवर चाललेलीं दिसतात. ज्याची गाडी पहाटे अडली त्याचें दूध नासतें. तेव्हां प्रश्न लहान नाहीं. बहुतेक लोक उत्तर चटकन देतात: मिस्त्रीनें खोटें बोलूं नये. तें खरेंच, परंतु एवढें बोलून आपण मोकळे होतों, हें मला मान्य नाहीं.

मिस्त्रीचें खरें काम कोणतें, तें अगोदर पाहूं. इंजिन सुरू होण्यास पेट्रोल, हवा, ठिणगी व सिलिंडरांतील दाब हीं चार पाहिजेत. चांगला मिस्त्री पाना उचलण्यापूर्वीं डोळे व कान चालवितो. टांकींत पेट्रोल आहे काय? जुन्या गाडीची तोटी उघडी आहे काय? नव्या गाडीचा साइड स्टँड वर आहे काय? कारण तो खालीं असतां कित्येक गाड्या गिअरमध्यें सुरूच होत नाहींत. सेल्फ दाबतांच नुसती टकटक होऊन दिवा मंदावला, तर बॅटरी उतरली असावी किंवा तिच्या टोकांवर गंज चढला असावा. सेल्फ नीट फिरूनही गाडी सुरू होत नसेल, तर तो प्लग काढून पाहतो. पुष्कळ किका मारूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल तेथवर पोहोंचत नाहीं. ओला निघाला, तर पेट्रोल पोहोंचतें पण पेट घेत नाहीं. मग ठिणगी नाहीं म्हणावें, किंवा चोक ओढून उतावीळपणें मारलेल्या किकांनीं इंजिन पेट्रोलानें भरलें म्हणावें. ह्या एका पाहण्यानें अर्धा संशय फिटतो, आणि ह्यांत एकही नवा भाग विकला गेलेला नसतो.

अडचण येथेंच आहे. आमचें गिऱ्हाईक नव्या प्लगचे पैसे कुरकुर न करितां देतें, कारण प्लग हातांत धरतां येतो. शोधण्याचे पैसे मागितले कीं तेंच गिऱ्हाईक म्हणतें, "तूं केलेंस काय? नुसतें बटण दाबलेंस!" नाडी पाहून "औषध नको" असें सांगणाऱ्या वैद्याशींही आपण असेंच वागतों. ज्याला खरें सांगितल्याबद्दल कांहींच मिळत नाहीं, त्याचें पोट सुट्या भागांवर चालूं लागतें, आणि मग त्याचा संशयही सुट्या भागांकडेच झुकतो. चांगला प्लग मोडींत काढणें ही चोरीच होय. गिऱ्हाईक कितीही चिक्कू असलें तरी ती चोरीच. पण त्या चोरीची शिकवण कोणीं दिली, हेंही विचारलें पाहिजे. माझें मत असें कीं, बटणाच्या मिस्त्रीनें आपल्या वेळाचे व माहितीचे पैसे घ्यावे, आणि बटण मालकास दाखवूनच घ्यावे, मग पुढच्या खेपेस तो मालक दुकानाची पायरी न चढो. मालकानेंही गाडी लावतांनाच "पाहण्याचें काय घ्याल?" असें विचारावें, व काढलेला जुना भाग मागून घ्यावा. रोकड नसेल तर दुधाच्या पगाराला द्यावे, पण आंकडा आधीं ठरावा.

अलीकडे ह्या व्यवहारांत एक नवा मोह शिरला आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागू झाले, व बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलें. कित्येकींना किकही नाहीं. दोष वाचण्याचें यंत्र नसलेला खेड्यांतला मिस्त्री येथें अडतो, आणि अडल्यावर "मला कळत नाहीं" हें म्हणणें जड जातें. मग एक तयार नांव सांपडतें: इथेनॉल. पेट्रोलांत त्याचें प्रमाण जून २०२२ मध्यें शेंकडा १० व २०२५ मध्यें शेंकडा २० झालें. त्यांतलें कांहीं उसापासूनचें. म्हणजे आपल्याच फडांतलें पीक आपल्या टांकींत आलें. इथेनॉल पाणी ओढतें, व पाणी फार झालें कीं दोन्हीं मिळून पेट्रोलापासून सुटून तळाशीं बसतात, हें खरें आहे. अशी गाडी सुरू होत नाहीं. म्हणून संशय पोकळ नाहीं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. टांकीच्या तळाचें थोडें पेट्रोल, विडी-काडी दूर ठेवून, स्वच्छ कांचेच्या बाटलींत घ्यावें व सावलींत ठेवून द्यावें. तळाशीं निराळा थर दिसला तर टांकी धुवावी. थर न दिसल्यास इथेनॉलाचें नांव सोडून पुन्हा प्लगपासून पाहावें, आणि ह्या अर्ध्या तासाचे पैसे मालकानें द्यावे, बाटलींत कांहीं सांपडो अथवा न सांपडो.