राजधानीचे देणे

लहान राज्याचा एक गुण असा, की त्यातील गावे परस्परांस ओळखून असतात. मोठ्या साम्राज्यात राजधानी आणि सरहद्दीवरील गाव ह्यांचा संबंध कागदोपत्री उरतो. लहान राज्यात तो बाजाराचा, जत्रेचा आणि सोयरिकीचा असतो. आपले होळकर राज्य असेच होते. 1901 च्या सुमारास त्याचा विस्तार सुमारे 9,500 चौरस मैल होता. म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाहून थोडा अधिक आणि बेल्जियमहून कमी. एवढ्या मुलखात महेश्वर, मंडलेश्वर, खरगोण, सनावद, तराणा, महिदपूर, रामपुरा, भानपुरा, गरोठ अशी नांदती गावे होती आणि त्या सर्वांचे लक्ष इंदुराकडे लागलेले असे. ह्या गावांकडे पाहिले म्हणजे आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. मोठे झालेले शहर मागे पडलेल्या गावांचे काही देणे लागते काय?

ह्या राज्याची राजधानी आरंभापासून इंदुरास नव्हती, हे वाचकांस ठाऊकच आहे. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत राज्य केले ते महेश्वराहून. पुढे यशवंतरावांच्या काळी कारभाराचे केंद्र रामपुरा-भानपुऱ्याकडे सरकले. 1811 साली भानपुऱ्यास त्यांचा अंत झाला आणि त्यांची छत्रीही तेथेच आहे. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरची लढाई हरली, 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी राजधानी इंदुरास आली. राज्याचे आसन हलले म्हणजे कारकून, फडणीस, पुराणिक, वैद्य ह्यांची बिऱ्हाडेही हलतात. ह्या अंकाच्या अनेक वाचकांच्या घरी अशी हकीकत सांगितली जात असेल, की मूळ वाडा महेश्वरास किंवा रामपुऱ्यास होता, पणजोबा इंदुरास आले, वाडा भाडेकऱ्याकडे राहिला आणि पुढे कधीतरी त्याच्या भिंती खचल्या.

ह्यावर कोणी म्हणेल, गावे चढतात आणि उतरतात, हा कालधर्म आहे. त्यात कोणाचे देणे आणि कोणाचे घेणे? आक्षेप वजनदार आहे, पण पुरता खरा नाही. नदीने पात्र बदलले तर कोणास जाब विचारता येत नाही. कचेरी, न्यायालय, महाविद्यालय, लोहमार्ग कोठे असावेत, हे मात्र माणसे ठरवितात. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारास लोहमार्गासाठी 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि 1870 च्या दशकात खंडव्याहून इंदुरापर्यंत रूळ आले. हा मार्ग सनावद, बडवाहवरून गेला. महेश्वर बाजूस राहिले. खजिन्यातील तो पैसा शेवटी साऱ्या मुलखातील रयतेच्या महसुलाचाच होता. 1891 साली होळकर महाविद्यालय निघाले, तेही इंदुरास. आमचा जन्म शासकीय नोकरीत गेला. एखादे कार्यालय तालुक्याच्या गावाहून हलविताना टिपणात ‘प्रशासकीय सोयीस्तव’ एवढेच लिहिलेले असते. सोय कोणाची, हे त्यात नसते. जेथे निर्णय असतो तेथे उत्तरदायित्वही असते, असे आम्हांस वाटते.

राजधानी जाण्याचे दुःख इंदुरास अपरिचित नाही. 28 मे 1948 रोजी मध्यभारत राज्य झाले, तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानीची वाटणी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळास गेली. इंदुराच्या वाट्यास उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि लोकसेवा आयोग आले, तरी जुन्या इंदुरकरांची हळहळ आम्ही पुष्कळ वर्षे ऐकली. 1818 साली महेश्वराच्या वाट्यास काय आले होते, हा प्रश्न त्या हळहळीत आम्हांस कधी ऐकू आला नाही.

देण्याचा सर्वांत ठळक दाखला आपल्या नळात आहे. 1970 साली इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस मंडलेश्वराजवळील जलूद येथून पाणी आले. सुमारे 70 किलोमीटर अंतर आणि 500 मीटरांहून अधिक चढ चढून ते येते. ज्या नदीचा काठ सोडून राजधानी इंदुरास आली, त्याच काठचे पाणी एकशे साठ वर्षांनी उपसून आणावे लागले. 2011 च्या जनगणनेत 19 लाखांवर गेलेले हे शहर त्या पाण्यावर उभे आहे. पाणी चढविण्याच्या विजेचा खर्च जड होतो, म्हणून 2023 साली महानगरपालिकेने हरित कर्जरोख्यांतून 244 कोटी रुपये उभारले; त्यातून जलूद परिसरात 60 मेगावॅटचा सौरप्रकल्प योजिला. खर्चाचा हिशेब चोख आहे. पण नदीकाठच्या गावांचे सांडपाणी, त्यांचे घाट, त्यांचे दवाखाने ह्यांचा रकाना आपल्या वहीत कोठे आहे?

येथे दान आणि ऋण ह्यांतील भेद ध्यानी घ्यावा. अहिल्याबाईंनी काशी, सोमनाथ, गया येथे जे बांधले ते खासगीच्या उत्पन्नातून. राज्याचा पैसा आणि खासगीचा पैसा त्यांनी वेगळा ठेवला. दान खासगीतून द्यावे. रयतेचे जे आहे ते रयतेस पोचवावे, ते दान म्हणून मिरवू नये. 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेले इंदूर लहान गावांस उपदेश करू शकते. परंतु उपदेश हे दानाचेच एक रूप आहे. ऋण फेडणाऱ्यास असा उंचावरून बोलण्याचा अधिकार राहत नाही. आपल्या परंपरेने पितृऋण सांगितले आहे. पितर ज्या गावच्या पाण्यावर जगले, ते गाव त्या ऋणाबाहेर कसे राहील?

महेश्वर पुन्हा राजधानी व्हावी, असे कोणी म्हणत नाही, आणि महेश्वरही ते मागत नाही. मागणे साधे आहे. घाटावरचे पाणी निर्मळ राहील एवढा वाटा शहराने पाणीपट्टीतून उचलावा. ज्यांच्या घरी महेश्वर-रामपुऱ्याची मोडी दप्तरे बासनात पडून आहेत, त्यांनी ती वाचून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत त्या गावच्या ग्रंथालयास द्यावी. आणि आपल्या संस्थेने वर्षातील एक सभा इंदुराबाहेर, ह्या जुन्या गावांपैकी एकात भरवावी. त्या सभेत वक्ते तेथले असावेत आणि आपण श्रोते.