बोर्डावरची बटणं

अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आपला हात बटण शोधत नाही, थेट बटणावर जातो. नव्या बोर्डात दिव्याचं बटण पंख्याच्या जागी गेलं, की पुढचे पंधरा दिवस दिव्याऐवजी पंखा फिरतो. नियमांच्या क्रमांकांचंही तसंच आहे.

अमेरिकेतला 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' 1897 पासूनचा. हल्ली दर 3 वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. कोणत्या जाडीची तार किती अँपिअर पेलते, हे सांगणारं त्यातलं कोष्टक 310.16. तारेची निवड त्यावर ठरते, म्हणून हा आकडा तिथल्या धंद्यात तोंडपाठ. 2011 मध्ये कलमांची उतरंड नेटकी करताना त्याचं 310.15(बी)(16) झालं. तर्काला धरूनच होतं. पण शिडीवरून खाली कुणाला ओरडून सांगण्याजोगं नव्हतं. 2020 मध्ये कोष्टक पुन्हा 310.16 झालं.

म्हणून फेरमांडणी करूच नये का? त्याच ग्रंथाच्या 2002 च्या आवृत्तीने केबल आणि पाइपांच्या प्रकरणांचे जुने क्रमांक मोडले, पण सगळ्यांना एकच साचा दिला. प्रकरण कोणतंही असो, .10 म्हणजे कुठे वापरावं, .12 म्हणजे कुठे वापरू नये, .30 म्हणजे आधार कसा द्यावा. एक प्रकरण कळलं की अनोळखी प्रकरणातही बोट नेमक्या जागी पडतं. तिथे क्रमांक नुसती हजेरी न राहता पत्ता झाला. पहिला बदल लिहिणाऱ्याच्या सोयीचा, दुसरा शोधणाऱ्याच्या.

शोधणाऱ्याच्या सोयीलाही किंमत पडतेच. नव्यांना वाट सोपी होते, जुन्यांची पाठांतरं बुडतात. शिवाय कागद नियमांपेक्षा दीर्घायुषी. आपल्याकडे 1956 च्या वीज नियमांत अर्थिंग नियम 61 मध्ये होतं. 2010 च्या विनियमांत ते 41 मध्ये आलं. 2023 मध्ये पुन्हा नवे विनियम आले. जुन्या नकाशावर 'नियम 61 प्रमाणे' एवढंच लिहिलेलं असेल, तर ते आज नव्या पुस्तकात कुठे शोधायचं?

2024 च्या जुलैपासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 झालं, तरी ठकाला आपण 'चारशेवीस'च म्हणतो. बोलण्यात ते खपून जातं. विजेच्या कामात चुकीचं कोष्टक उघडलं, तर तार भिंतीच्या आत तापते.

म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता ही पुरवणी नव्हे. फेरमांडणीचंच ते शेवटचं काम आहे. चांगला वायरमन नवा बोर्ड बसवून लगेच निघत नाही. घरच्यांना बोलावून एकेक बटण त्यांच्याच हाताने दाबायला लावतो.