पळाला म्हणजे शिकला का?

आखाडा बाळापूरच्या शिवारात हळद-सोयाबीन घेणारा एक शेतकरी आणि शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर यांचा हा संवाद कल्पिलेला आहे. प्रश्न मात्र खरा आहे.

शेतकरी: सर, उंदीर शिकतो हे आम्हाला नवं नाही. झिंक फॉस्फाईड एकदम टाकलं तर तो जरासं चाखतो, आजारी पडतो अन् वाचला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा ठेवावा लागतो, तेल-गूळ लावून. मग प्रयोगशाळेत त्याला शॉक देऊन वेगळं काय कळतं?

सर: तिथला प्रश्न असा, की रक्तदाबाचा या शिकण्याशी संबंध आहे का. 1963 मध्ये क्योतोत ओकामोतो आणि आओकी यांनी जन्मजात उच्च रक्तदाबाच्या उंदरांची जात तयार केली. तुलनेला त्याच मुळातली, सामान्य दाबाची विस्टार-क्योतो जात घेतात. परीक्षा अशी: दोन खणांची पेटी, तळाला धातूच्या कांड्या. दिवा लागला की काही सेकंदांत पलीकडच्या खणात जायचं, नाहीतर कांड्यांतून झटका. इथं दाबाची जात बऱ्याचदा सरस ठरते. पण ती मुळातच चळवळी, आणि विस्टार-क्योतो इतकी निपचित की खिन्नतेच्या अभ्यासालाही वापरतात. मग पळणारा शिकला म्हणून पळाला, की त्याला स्वस्थ बसवतच नव्हतं? जागचं न हलण्याची उलटी परीक्षा घेतली तर हीच चपळाई त्याला नडेल. शिवाय पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाचा दाब अजून फारसा चढलेला नसतो. फरक त्या वयातच दिसला, तर चढलेल्या दाबाला त्याचं कारण कसं म्हणायचं?

शेतकरी: दाब अन् चळवळ, दोन्ही एकाच रक्तातून आले असतील की.

सर: शंका रास्त आहे. अमेरिकेत एडिथ हेंडली यांनी याच दोन जातींचा संकर केला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत दोन वाण वेगळे काढले: एक चळवळा पण दाब नसलेला, दुसरा दाबाचा पण शांत. म्हणजे हे गुण एका जातीत सोबत आले, तरी एकमेकांना बांधलेले नाहीत.

शेतकरी: आम्ही रानात विष घालतो तेव्हा कुणी हिशोब मागत नाही. पेटीतल्या झटक्याचाच एवढा विचार कशाला?

सर: विषानं मरणाऱ्याच्या यातना कमी नसतात, हे आधी मान्य करू. पण रानातला उंदीर तुमचा दाणा खातो. पेटीतला कुणाचं काही खात नाही. प्रश्न आपला, वेदना त्याची. दाबाच्या याच जातीवर रक्तदाबाची औषधं तपासली गेली, ती माणसांच्या कामी आली, हेही मी विसरत नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगाला वाट देतो, ती देखरेखीखाली. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच सांगितलं होतं: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. मी त्यात एवढंच जोडीन, की ज्या मांडणीतून उत्तर निघूच शकत नाही, तिच्यासाठी दिलेला एक झटकाही जास्तच. एकच पेटी, जातींची एकच जोडी आणि त्यावरून रक्तदाब-बुद्धीचा निष्कर्ष, असा प्रस्ताव समोर आला तर मी त्यावर सही करणार नाही.