परतणाऱ्याचे ऋण

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे. आईबाप चार-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. जाताना त्यांच्यासाठी प्रार्थना होते, सुखरूप परतल्यावर उपकारस्तुतीचे दान दिले जाते. जाणे आणि येणे यांची आपण अशी आठवण ठेवतो. परंतु परतल्यानंतरचा दुसरा आठवडा मात्र कोणाच्याच प्रार्थनेत येत नाही. खरी कसोटी तेथेच असते. भेटायला येणारे संपतात, आणलेला खाऊ वाटून होतो, आणि मग स्वतःचेच घर परके वाटू लागते. असे वाटणे हा कृतघ्नपणा आहे काय? आणि नित्यक्रमाकडे परतणे हे कर्तव्य आहे, की केवळ नाइलाज?

ग्वाल्हेरचे उदाहरण घेऊ. शिंद्यांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचेच पुढे लष्कर झाले. किला गेट मात्र त्याहून जुन्या वस्तीत, किल्ल्याच्या पूर्वेकडील पायथ्याशी आहे. तेथून किल्ल्यावर मोटार जात नाही, पायीच चढावे लागते. अशा ठिकाणी कोणी न्यू जर्सीहून सहा महिन्यांनी, ऐन मेच्या उन्हात परतला, तर प्रथम त्याला काय भेटते? गंजलेले कुलूप, बोटभर धूळ, पाण्याची वाट पाहणारी टाकी, आणि पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. रात्री दोन वाजता टक्क जाग येते आणि दुपारी उपासनेत डोळे मिटतात.

यातील झोपेचा भाग हा पापाचा किंवा आळसाचा नव्हे. त्या दिवसांत दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर असते, आणि शरीर साधारणपणे दिवसाला तासभर या बेताने नव्या वेळेस रुळते. पूर्वेकडे येताना तर ते अधिकच कुरकुर करते. तेव्हा अशा मनुष्याला कोणी टोचून बोलू नये. आठ-दहा दिवसांत शरीर आपोआप घरी येते. मन मात्र आपोआप येत नाही; त्याला आणावे लागते.

मनाला अडवते ती तुलना. तेथील रस्ते, तेथील शिस्त, तेथील शांतता. तुलना करणे वाईट नाही. चांगले ते चांगले म्हणावे. परंतु या तुलनेत एक मोठी चूक लपलेली असते. परदेशात आपण पाहुणे होतो. आपण सकाळी निवांत उठत होतो, कारण सून पहाटे उठून डबे भरत होती. आपण धबधबे पाहत होतो, कारण मुलगा आठवडाभर राबून रविवारी मोटार हाकत होता. म्हणजे आपली सुटी दुसऱ्या कोणाच्या तरी नित्यक्रमावर उभी होती. घरी परतल्यावर आपण त्यांच्या देशाची आपल्या देशाशी तुलना करतो असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण पाहुणेपणाची घरधनीपणाशी तुलना करीत असतो.

आणि ही सुटी केवळ तिकडच्यांच्याच कष्टांवर उभी नव्हती. इकडे शेजारच्या काकूंनी सहा महिने कुंड्यांना पाणी घातले. कोणी तरी विजेचे बिल भरले. रविवारच्या शाळेचा आपला वर्ग एखाद्या तरुण मुलीने सांभाळला. आणि घरकामाची बाई? घराला कुलूप लागले म्हणून तिचे एक घर सहा महिन्यांसाठी गेले. पण तिच्या चुलीला सुटी नव्हती. तिला चॉकलेटचा एक पुडा देऊन आपण मोकळे होतो काय? आम्हांस वाटते, नाही. विमानाच्या तिकिटाचा हिशेब करताना तिच्या पगाराचा, निदान त्यातील काही भागाचा, हिशेब त्यातच धरावयास हवा. परतणारा मनुष्य भेटवस्तूंनी भरलेल्या पेट्या घेऊन येतो, म्हणून आपण देणारे आहोत असे त्याला वाटते. पण उंबरठ्यावर तो ऋणी म्हणून उभा असतो.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी त्या वर्गाचा विशेष विचार करावा. परतलेला शिक्षक सहज आपल्या खुर्चीकडे जातो. जणू जागा राखून ठेवलेली होती. परंतु मुलांना आता त्या मुलीच्या आवाजाची सवय झाली आहे, आणि तिलाही शिकवण्याची गोडी लागली आहे. मग काय करावे? खुर्ची ओढून घेणे हा अन्याय. ‘आता त्यांचे चालले आहे, मी मोकळा’ असे म्हणणे हीही पळवाट. ‘तुझा भार हलका करण्यासाठी मी कोठे उपयोगी पडेन?’ असे तिला विचारणे हाच योग्य मार्ग. सेवेची जागा ही मालकीची नसते, सोपवलेली असते.

कोणी म्हणेल, जुना नित्यक्रमच जर सदोष असेल तर त्याकडे जसेच्या तसे परतावे काय? प्रश्न रास्त आहे. नहेम्या यरुशलेमास आला तेव्हा त्याने लगेच भाषण केले नाही. तीन दिवस तो थांबला, मग रात्री थोडी माणसे घेऊन पडक्या तटाची पाहणी करून आला, आणि त्यानंतर बोलला. काम सुरू झाले तेव्हा पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. आधी पाहणे, मग बोलणे, आणि दुरुस्ती आपल्या दारापासून. परदेशात मुलगा स्वतःची थाळी विसळतो हे ज्या बापाने पाहिले, त्याने किला गेटला येऊन तेथील स्वच्छतेवर व्याख्यान देण्यापेक्षा आपली थाळी विसळावी.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, १८८६ साली अमेरिकेस पोहोचल्या, आणि १८८९च्या आरंभी परतल्या. त्यांनी अमेरिकेवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यात स्तुती भरपूर आहे, पण तेथील वर्णभेदावर टीकाही आहे. तरी त्या तुलनेतच रमल्या नाहीत. त्याच वर्षीच्या ११ मार्चला, अगदी थोड्या मुलींनिशी, मुंबईत शारदा सदन उघडले. पाहिलेल्या गोष्टींचे त्यांनी रोजच्या कामात रूपांतर केले.

किला गेटहून किल्ल्याकडे चढताना खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. तेथे इ. स. ८७६चा शिलालेख आहे. भारतात दगडावर कोरलेल्या शून्याच्या अतिशय जुन्या खुणांपैकी एक त्यात आहे, म्हणून दूरदेशचे लोक तो पाहण्यास येतात. पण लेख शून्याविषयी नाहीच. २७० हात लांबीची जमीन बागेसाठी दिली, आणि माळ्यांनी देवळास रोज ५० माळा द्याव्या, असे त्यात सांगितले आहे. त्यांचा देवधर्म आपला नव्हे. तरी बोध घेण्यास हरकत नाही. जगाने जे नवल मानले, ते कोणाच्या तरी रोजच्या कामाच्या नोंदीत आले होते. ते शून्य एकटे असते तर काहीच नव्हते. सात आणि पाच यांच्या शेजारी आपल्या जागी बसले म्हणून त्याला किंमत आली.

तेव्हा घर परके वाटले म्हणून परतणाऱ्याने स्वतःला कृतघ्न समजू नये. कृतघ्नपणा तेथे सुरू होतो, जेथे आपल्यामागे कोणी काय काय केले हे आपण विचारीतही नाही. पेट्या रिकाम्या होण्यापूर्वी एक कागद घ्यावा, त्यावर ती नावे लिहावी, आणि एकेकाच्या दारी जावे. पहिले नाव घरकामाच्या बाईचे असावे.